पेशीचे बालपण आणि चिमूटभर प्रथिन

दह्याचे पुन्हा दूध होत नाही. शरीरातील पेशींचेही तसेच असते, असे बरीच वर्षे मानले जात होते. गर्भातील पेशीला काहीही होता येते. पण एकदा कातडीची झाली की ती कातडीचीच. इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यातून जीव वाढवून दाखवला, तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला.

पुढचे काम जपानच्या शिन्या यामानाका यांचे. हे गृहस्थ मूळचे अस्थिरोग विभागातले. शस्त्रक्रियेत हात इतका संथ की वरिष्ठ त्यांना 'जामानाका' म्हणत. जपानीत 'जामा' म्हणजे अडथळा! क्योटो विद्यापीठात २००६ मध्ये त्यांनी व काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुके निवडली, एकेक वगळून पाहिली आणि शेवटी चार उरली. ती चार घातल्यावर उंदराच्या साध्या पेशी मूळ पेशींसारख्या झाल्या. २०१२ चे नोबेल गर्डन व यामानाका यांना विभागून मिळाले.

जनुक म्हणजे पाककृतीची वही. प्रत्यक्ष पदार्थ म्हणजे प्रथिन. सगळी मेख आहे ती प्रथिनाच्या प्रमाणात. 'उप्पिगिंत रुची इल्ला' असे आपल्याकडे म्हणतात, पण मीठ दुप्पट पडले तर आमटीचे काय होते ते गृहिणींना सांगायला नको. या चौघांपैकी ऑक्ट-४ चे असेच आहे. उंदराच्या मूळ पेशीत ते दुपटीपेक्षा कमी वाढले तरी पेशी दुसरीच वाट धरते. घटले तर वारेकडे वळते. २००० साली हे प्रयोगाने दिसले होते.

तरीही शंभरातली एक पेशीसुद्धा धड बदलत नसे. त्याचे एक कारण २००९ मध्ये कळले: पी-५३ नावाचे राखणदार प्रथिन. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडतेही. एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन त्याला 'युबिक्विटिन'ची चिठ्ठी चिकटवते आणि चिठ्ठी लागलेले प्रथिन पेशीतल्या मोडीच्या यंत्रात जाते. पेशीला धोका जाणवला की ही मोडतोड थांबते, पी-५३ साठते आणि पेशीची वाढ रोखली जाते किंवा पेशी मरते. चार जनुके आत शिरली की राखणदाराला कर्करोगाचाच संशय येतो. आणि तो अगदी खोटा नाही, कारण चौघांपैकी सी-मिक हे कर्करोगाशी संबंधित जनुकच आहे. पी-५३ हटवले की बदललेल्या पेशी कितीतरी वाढल्या, पण बिघडलेल्या पेशीही त्यांच्यासोबत आत आल्या. राखणदाराला कायमचे घरी बसवणे परवडणारे नाही. थोडा वेळ डुलकी लागू देण्यापर्यंतच ठीक.

म्हणूनच उपचार जपून चालले आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये कोबे येथे एका वृद्धेच्या डोळ्यात तिच्याच कातडीपासून घडवलेल्या पेशी बसवल्या. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा ते रोपण थांबवले.

आपल्याकडे मात्र गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर 'स्टेम सेल' सुचवणारे भेटतात. रक्ताच्या काही आजारांतील मूळ पेशींचे रोपण हा मान्य उपचार आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार इतर वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कुणी लाखांचा आकडा सांगितला तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा.