अडखळत वाचणारं मूल नेमकं कुठे अडतं?

‘तेरणा नदीच्या काठावर तेर हे गाव आहे.’ धाराशिव जिल्ह्यातल्या तिसरीच्या मुलाला हे वाक्य जड जाऊ नये. तेर तर त्याच्याच जिल्ह्यातलं. पण एकेक अक्षर जुळवत ते ‘काठावर’पाशी पोचतं, तोवर ‘तेरणा’ मनातून निसटलेली असते. मनात एका वेळी चारेक गोष्टीच धरून ठेवता येतात. ती जागा अक्षरं ओळखण्यातच संपली, तर अर्थ राहायचा कुठे? शब्द आपोआप ओळखू आले की लक्ष अर्थाकडे वळतं, अशी मांडणी लाबर्ज आणि सॅम्युअल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये केली.

आपल्या लिपीत हे आपोआप व्हायला वेळ लागतो. ‘किल्ला’ वाचताना पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण तिचा उच्चार ‘क’नंतर. अशा शब्दांवर वाचक जास्त रेंगाळतात, असं ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांना हिंदी वाचकांच्या अभ्यासात दिसलं. त्यात पुढे जोडाक्षर! अशा ठिकाणी थांबणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणणं मला अक्षम्य वाटतं.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचं तिसरीचं उद्दिष्ट अर्थासह मिनिटाला किमान ६० शब्दांचं आहे. मात्र मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, ‘किल्ल्यावरूनसुद्धा’ हा एकच शब्द होतो. नुसतं घड्याळ लावून मुलाचं वाचन कळत नाही.

उपाय साधा आहे. गुरुजींनी किंवा बाईंनी आधी आदर्श वाचन करायचं, मग मुलाने तोच छोटा उतारा तीन-चारदा मोठ्याने वाचायचा. सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये नोंदवलं की असा सराव झालेली मुलं नवा उताराही पहिल्या खेपेलाच अधिक वेगाने वाचतात.

अडचण सरावाच्या सातत्याची. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. सोबत गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परततं आणि ओळखीचं झालेलं जोडाक्षर पुन्हा परकं होतं. म्हणून आई-वडील गेल्यावर मुलांना गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांत जेवणाइतकंच रोजचं प्रकट वाचन सांभाळायला हवं. मूल आजीपाशी राहिलं असेल, तर उतारा आजीला ऐकवावा. तिला अक्षरओळख नसली तरी चालेल; नातू कुठे अडला ते तिला ऐकू येतं, आणि गोष्टीत पुढे काय झालं हे ती विचारू शकते.