ट्रे पुढे जातो, बाई मागे राहते

पर्स, मोबाइल, घड्याळ, लॅपटॉप. दोन ट्रे भरायचे आणि पट्ट्यावर ढकलायचे. मशीनच्या रबरी झालरीआड ते गेले की माझी त्यांच्यावर नजर राहत नाही, कारण मला बायकांच्या रांगेत उभं राहायचं असतं. पुरुषांसाठी तीन चौकटी, बायकांसाठी एक. चौकटीपलीकडे पडदा लावलेली चिंचोळी खोली, आत एक महिला जवान. माझे ट्रे पलीकडच्या रुळांवर येऊन थांबतात, मागचे ट्रे त्यांना रेटतात. पुरुष प्रवासी आपापलं सामान उचलून, कमरेचा पट्टा लावत निघून जातात. माझ्यापुढे अजून नऊ बायका असतात.

बँकांच्या हिशेबतपासणीसाठी मी महिन्यातून चार-पाच वेळा विमानानं जाते. हे दृश्य बहुतेक वेळा एकाच विमानतळावर बघते, आणि कित्येक वर्षं त्याबद्दल मी घरी येऊन नुसती बोलत होते.

बोलण्याचं लिहिणं झालं ते एका आजींमुळे. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले होते. चौकट वाजली, त्यांना पुन्हा मागे पाठवलं, पुन्हा वाजली. पडद्याआड त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा ट्रेमध्ये चष्मा होता आणि पिशवी नव्हती. तशीच काळी पिशवी असलेलं कुणीतरी ती चुकून उचलून गेलं होतं. पिशवीत दुपारची औषधं होती. एका जवानानं अक्षरशः धावत जाऊन, गेटोगेटी विचारून ती परत आणली. तोवर आजी तिथल्या खांबाला धरून उभ्या होत्या, कारण जवळपास खुर्ची नव्हती. पिशवी मिळाल्यावर त्या मला म्हणाल्या, "जाऊ दे गं, मिळाली ना. सुरक्षेसाठीच करतात सगळं."

त्यांच्या या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. सुरक्षेसाठी नेमकं काय केलं जातं आणि कशाला आपण उगाच सुरक्षा म्हणतो?

एकदा विमानाला चार तास उशीर झाला. तपासणीपलीकडच्या, जरा लांबच्या खुर्च्यांवरून दोन रांगांचं काम नीट दिसत होतं, तेव्हा मी ते बघत बसले. सगळ्यात अवघड काम मशीनच्या मॉनिटरसमोर बसलेल्याचं आहे. एक्स-रेच्या चित्रात कापड, कागद, खाणं, साबण हे सगळं नारिंगी दिसतं, धातू निळा, मधलं मिश्र काहीतरी हिरवं. लॅपटॉप वेगळा काढायला लावतात तो यासाठीच, त्याच्या दाट सावलीखाली दुसरी वस्तू लपू शकते. बॅग थांबते, मागे सरकते, पुन्हा पुढे येते. हजारो बॅगांमध्ये काहीच सापडत नाही आणि तरी पुढच्या बॅगेत असेल असं धरूनच बघायचं. डोळा सुस्तावू नये म्हणून मशीन स्वतःच मधूनमधून शस्त्राचं किंवा स्फोटकाचं खोटं चित्र एखाद्या खऱ्या बॅगेवर टाकतं. बसलेल्या माणसानं ते ओळखून बटण दाबलं की नाही, याची नोंद होते. माणूसही ठरावीक वेळानं बदलतो. हे काम घाईनं करा असं कुणी म्हणू नये, मी तरी म्हणणार नाही. २३ जून १९८५ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. सामानातून चढलेल्या बॉम्बनं ती गेली.

पडद्याआडचं काम वेगळं. आपल्याकडे चौकट वाजो न वाजो, प्रत्येकाच्या अंगावरून हातातला डिटेक्टर फिरतोच. बाहेर बऱ्याच देशांत चौकट गप्प राहिली की माणूस सुटतो. इथे प्रत्येक बाईला लाकडी फळीवर चढून हात पसरावे लागतात, वळावं लागतं. आडोसा हवा, तपासणारी बाईच हवी, हे योग्यच आहे. पण मग बायका जितक्या, तितकी त्या एका खोलीवर गर्दी. संपूर्ण शरीराचं स्कॅनिंग करणारी यंत्रं ८४ विमानतळांवर मार्च २०२०पर्यंत बसवावीत, असा आदेश २०१९मध्ये निघाला होता. ती मुदत केव्हाच उलटली.

बघता बघता माझ्या लक्षात आलं की मला खुपणाऱ्या गोष्टींमध्ये सुरक्षेचा भाग अगदी थोडा होता. दुसरी खोली नाही, खुर्ची नाही, रुळांच्या टोकाला सामानाकडे बघणारा माणूस नाही. उलट, बेवारस पडलेले ट्रे हाच सुरक्षेला धोका. कुणी कुणाच्या उघड्या पर्समध्ये काहीही टाकू शकेल.

तक्रार करायची ठरवली आणि पहिला प्रश्न आला, कुणाकडे? समोर दिसतो तो गणवेशातला जवान, म्हणून सगळ्यांचा राग त्याच्यावर निघतो. प्रत्यक्षात तीन वेगवेगळी दारं आहेत. नियम ठरवतो तो नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो. १९७६च्या विमान अपहरणानंतर १९७८मध्ये तो लहानशा कक्षाच्या रूपात सुरू झाला आणि कनिष्कनंतर, १९८७मध्ये, स्वतंत्र खातं झाला. तपासणी करतं ते बहुतेक ठिकाणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल. कंदाहारच्या अपहरणानंतर फेब्रुवारी २०००मध्ये त्यांनी जयपूरपासून विमानतळ ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मशीन, ट्रे, खोल्या, खुर्च्या आणि जागा हे सगळं मात्र विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचं किंवा प्राधिकरणाचं. आजींच्या खुर्चीसाठी जवानाशी भांडणं म्हणजे बँकेच्या व्याजदरासाठी शिपायाला धरणं. आणि या व्यवस्थेचा खर्च आपणच देतो. देशांतर्गत प्रवासावरचं सुरक्षा शुल्क एप्रिल २०२१मध्ये माणशी २०० रुपये झालं. वर्षातून एकदा तिरुपतीला जाणाऱ्याला ते कळणारही नाही. माझ्यासारखीचे वर्षाला हजारो होतात.

नियमाबाबत जवानाचं किती चालतं, यासाठी नारळाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ओटीत मिळालेला नारळ हातातल्या पिशवीतून न्यायला निघालेल्या कितीतरी बायका मी तपासणीपाशी हिरमुसलेल्या पाहिल्या आहेत. जवान तो काढून ठेवतो, कारण नियम त्याचा नाही. त्याला सवलत देताच येत नाही. पण ऑक्टोबर २०२४मध्ये शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडी या पूजेच्या गाठोड्यातला नारळ केबिनमध्ये न्यायची परवानगी मिळाली, २० जानेवारी २०२५पर्यंत, एक्स-रे आणि इतर तपासण्या करून. म्हणजे नियम हलतो. फक्त तो रांगेत हलत नाही, वर हलतो. हातातल्या बॅगेच्या टॅगवरचा शिक्का आठवतो? १ एप्रिल २०१७पासून मुंबईसह सात विमानतळांवर तो बंद झाला. त्याआधी त्या शिक्क्यासाठी लोक गेटवरून परत धावत यायचे.

'जाऊ दे' म्हणणाऱ्यांना मी अब्दुल कलामांची गोष्ट ऐकवते, कारण आपल्या बाजूनं तेही तीच सांगतात. एप्रिल २००९मध्ये दिल्लीला एका परदेशी विमान कंपनीच्या माणसांनी माजी राष्ट्रपतींची अंगझडती घेतली. नियमानं त्यांना सूट होती. ते काही बोलले नाहीत, तक्रारही केली नाही. ही त्यांची थोरवी आहे, मला ती मान्य आहे. पण जुलैमध्ये संसदेत आवाज उठला आणि कंपनीनं माफी मागितली. त्यांच्यासाठी बोलायला संसद होती. खांबाला धरून उभ्या असलेल्या आजींसाठी कोण होतं?

नर्तिका सुधा चंद्रन स्वतः बोलल्या. अपघातानंतर जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या, हे आपल्याला 'नाचे मयूरी' चित्रपटापासून माहीत आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांनी व्हिडिओ करून थेट पंतप्रधानांना विनंती केली की दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात, ते थांबवा. दलानं माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की माणसाची प्रतिष्ठा राखायची तर कृत्रिम अवयव काढायला सांगू नये. ते ज्या प्रकरणात म्हटलं, ते प्रकरण कोलकात्याच्या जीजा घोष यांचं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या बाईंना २०१२मध्ये विमानातून उतरवलं होतं आणि त्या न्यायालयात गेल्या होत्या. २०१६मध्ये त्यांना दहा लाखांची भरपाई मिळाली. एका बाईनं कागद सोडला नाही, म्हणून ते प्रकरण कृत्रिम पाय लावणाऱ्या दुसऱ्या कितीतरी जणांच्या उपयोगी पडलं.

माझी पहिली तक्रार वाया गेली. विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा'वर मी लांबलचक, रागाची लिहिली. उत्तर आलं, संबंधितांना कळवलं आहे. चूक माझी होती. हिशेबतपासणीत मी कुणाला 'इथे फार गोंधळ आहे' असा शेरा लिहू देत नाही. तारीख, पान, रक्कम लिहायला लावते. दुसऱ्या वेळी तसंच लिहिलं: तारीख, वेळ, रांगेचा क्रमांक, पुरुषांच्या किती चौकटी, बायकांच्या किती, ट्रे बाहेर आल्यापासून हातात पडेपर्यंत मिनिटं, आणि मागणी दोनच. दुसरी खोली, आणि खोलीशेजारी एक खुर्ची. जवानांबद्दल एकच वाक्य लिहिलं, पिशवीसाठी धावलेल्या माणसाचं कौतुक. कुणाचं नाव घालून वाईट लिहायला माझा हात धजत नाही. तासन्तास पायांवर असलेल्या माणसाची चौकशी लागते आणि व्यवस्था तशीच राहते. कुणी खरंच अपमान केला, नको तिथे हात लावला, तर मात्र नाव घालूनच लिहावं आणि ताबडतोब, रांग सोडायच्या आत, तिथल्या अधिकाऱ्याला बोलावून.

त्यानंतरच्या एका फेरीत पडद्याआडच्या मुलीनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि मराठीत विचारलं, "पुण्याच्या का ताई?" बोलण्याला साताऱ्याकडचा हेल होता. मागे कुणी नव्हतं म्हणून मी तिला तक्रारीचं सांगितलं. मला वाटलं, ती अवघडेल. ती म्हणाली, "लिहा ना. आमचं कोण ऐकतंय? आणि पंख्याचं पण लिहा. आत वारा येतच नाही." मी वर पाहिलं. खोलीच्या छताला हवेची झडप नव्हती, पंखा नव्हता. इतकी वर्षं मी त्या फळीवर उभी राहत होते आणि माझ्या तीस सेकंदांपलीकडे तिथे कुणी पूर्ण पाळी काढतं, हे माझ्या नोंदीत कुठेच नव्हतं.

तिसऱ्या तक्रारीत पंखा घातला.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा खोलीत भिंतीवरचा छोटा पंखा फिरत होता आणि बाहेर दोन खुर्च्या होत्या. दुसरी खोली नव्हती. माझे ट्रे पुढे गेले, मी रांगेत उभी राहिले. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, रांग क्रमांक चार, पुढे सात बायका. मोबाइल ट्रेमध्ये गेला होता, म्हणून बोर्डिंग पासच्या मागच्या बाजूला पेननं लिहून ठेवलं.