जिरायतातील रस्ता, उसाचा हंगाम आणि मोटारसायकलची निवड

बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील लोणी भापकर हे गाव मल्लिकार्जुनाचे मंदिर, तेथील पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प यांमुळे अभ्यासकांच्या परिचयाचे असले, तरी गावाचे रोजचे जगणे शेती, दूध आणि बारामतीला जाणारा रस्ता यांवर चालते. या पट्ट्यात एकाच घरातील एकच मोटारसायकल पहाटे दूध संकलन केंद्रावर जाते, उन्हे वर येईपर्यंत शिवारात असते, नंतर औद्योगिक वसाहतीत किंवा महाविद्यालयात पोहोचते आणि सुटीच्या दिवशी मोरगाव, जेजुरी, सासवड असे करत दिवे घाट उतरून पुणे गाठते. ही सारी कामे सारख्याच चांगल्या रीतीने करणारी गाडी कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. त्यामुळे वर्षभरातील बहुतेक किलोमीटर कोणत्या रस्त्यावर आणि किती ओझ्यासह कापले जाणार आहेत, हे घरात बसून आधी ठरवले, तर शोरूममधील निवड बरीच सोपी होते.

ग्रामीण महाराष्ट्राने ही निवड काळानुसार वेगवेगळ्या प्रकारे केली आहे. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना 1972 मध्ये आली, दूधवाल्यांमध्ये राजदूत रुजली, पुढे बजाजची एम-80 खेडोपाडी पोहोचली. 1985 मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी 100 या चार-स्ट्रोक गाडीने मात्र गणितच बदलले, कारण दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळते आणि न जळालेले इंधनही काही प्रमाणात धुरासोबत निघून जाते, तर चार-स्ट्रोक इंजिनात इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार क्रिया वेगवेगळ्या होत असल्याने ॲव्हरेज लक्षणीय वाढते. 1994 मध्ये आलेली स्प्लेंडर याच परंपरेतील असून, सुमारे 97 सीसीची ही गाडी आजही गावोगाव दिसते, याचे मोठे कारण असे की तिचा सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो आणि ती उघडून दुरुस्त करणारा मेस्त्री बहुतेक मोठ्या गावांत असतो.

सीसी म्हणजे घनसेंटिमीटर, अर्थात पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा व्यापतो तिचे माप. या आकड्यावरून गाडीची योग्यता जोखण्याची सवय सर्वत्र आहे, पण तो आकडा पुरेसा नाही. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दांड्याला पीळ देणारा जोर, आणि पॉवर म्हणजे तो जोर मिनिटाला किती फेऱ्यांच्या वेगाने मिळतो याचा हिशेब. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम 200 ड्यूकची पॉवर सुमारे 25 अश्वशक्ती, पण ती मिळते इंजिन मिनिटाला 10,000 फेऱ्यांवर नेल्यानंतर. रॉयल एनफिल्डच्या 350 सीसी क्लासिकची पॉवर सुमारे 20 अश्वशक्तीच, मात्र तिचा 27 न्यूटन-मीटर टॉर्क 4,000 फेऱ्यांवरच हाती येतो. म्हणून मागे माणूस बसवून घाट चढताना पहिली गाडी गिअर सतत खाली-वर करायला लावते, तर दुसरी त्याच गिअरमध्ये शांतपणे ओढत राहते. याचा अर्थ ओझ्यासाठी जड गाडीच घ्यावी असा नाही. क्लासिकचे वजन 195 किलोच्या आसपास असल्याने ती चिखलात आडवी झाली की एकट्याने उचलणे कष्टाचे होते, आणि रोज बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याने हे वजन विकत घेण्याचे कारण नाही.

दुधाच्या कामात वजनापेक्षाही ते कोठे टांगले आहे, याला महत्त्व असते. चाळीस लिटरच्या एका कॅनमधील दूधच सुमारे 41 किलो भरते, म्हणजे दोन भरलेल्या कॅनचे ओझे एका प्रौढ माणसाहून अधिक होते. मागच्या आसाच्या पलीकडे ते टांगले की पुढच्या चाकावरील भार घटतो, हँडल हलके लागते आणि वळणावर गाडी बाहेर फेकली जाते. त्यामुळे कॅन शक्य तितके पुढे आणि खाली घ्यावेत, मागच्या टायरमधील हवा ओझ्यानुसार पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वाढवावी आणि पुस्तिकेतील भारमर्यादा पाळावी. टीव्हीएसची एक्सएल 100 या कामात अजूनही टिकून आहे, कारण पाय ठेवायच्या सपाट जागेत खताचे पोते राहते आणि वजन दोन चाकांच्या मध्ये येते. अल्पवयीन मुलांच्या हाती ती अनेकदा दिसते, हे चिंतेचे आहे. सोळा ते अठरा वर्षे वयात मिळणारा परवाना 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरता असतो, आणि ही गाडी बिनगिअरची असली तरी सुमारे 100 सीसीची आहे.

रस्त्याचा प्रश्न या तालुक्यात पाण्याशी बांधलेला आहे. नीरा डाव्या कालव्याखालील बागायती भागात पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते आणि चाक अडते. जिरायत पट्ट्यात मुरूम, सुटे दगड आणि वेड्या बाभळीचे काटे यांच्याशी गाठ असते. ट्यूबलेस टायरमध्ये काटा रुतून राहिला तर हवा हळूहळू जाते आणि घर गाठता येते. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते व ती लगेच बसते, पण दगडावर आदळल्यावर तारांचे चाक वाकून सावरते, तर अलॉयला तडा जाऊ शकतो. हीरोची एक्सपल्स 200 ही याच जातीच्या रस्त्यांसाठी बनलेली असून तिचे पुढचे चाक 21 इंची, जमिनीपासूनची उंची 220 मिलिमीटर आहे. मात्र तिचे आसन 823 मिलिमीटर उंच असल्याने बुटक्या चालकाचे पाय दोन्ही बाजूंना टेकत नाहीत, आणि साडी नेसलेल्या स्त्रीला मागे चढून बसणेही अवघड जाते. कुटुंबातील स्त्रिया रोज मागे बसणार असतील, तर साडीगार्ड, हाताला धरायची कडी आणि पाय ठेवायची पट्टी असलेली बुटकी गाडीच घ्यावी, कारण पदर चाकात अडकून होणारे अपघात टाळण्याचा तोच खात्रीचा उपाय आहे.

निवडीतील सर्वांत गंभीर मुद्दा मात्र रात्रीच्या रस्त्याचा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. गळीत हंगामात सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती या साखर कारखान्यांकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधारातही रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी नसलेली उभी ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते, म्हणजे डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंतच हे अंतर संपते आणि थांबायला लागणारे अंतर त्यापुढे सुरू होते. वेग दुप्पट झाला, तर प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. सांडलेल्या पाचटावर किंवा मळीच्या ओल्या डागावर घाबरून ब्रेक दाबला की चाक जागीच अडकते आणि गाडी घसरते. एबीएस ही यंत्रणा चाक अडकू लागल्याचे ओळखून ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा सोडते व पुन्हा लावते, त्यामुळे चाक फिरत राहते आणि हँडल हातात राहते. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, तर त्याखालील गाड्यांना सीबीएसची मुभा मिळाली. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांवर जोर वाटला जातो, पण चाक अडकणे थांबत नाही. पाळीवरून रात्री परतणाऱ्या कामगाराला म्हणूनच 150 ते 160 सीसीची, एबीएस आणि प्रखर दिवा असलेली साधी गाडी घेणे हिताचे ठरते, मग हप्ता थोडा वाढला तरी चालेल.

विजेवरील आणि सीएनजीवरील गाड्यांचा विचार अंतर मोजून करावा. बजाजने जुलै 2024 मध्ये आणलेली फ्रीडम 125 दोन किलो सीएनजी आणि दोन लिटर पेट्रोल घेऊन चालते. ज्याच्या रोजच्या मार्गावर सीएनजी पंप आहे त्याला ती स्वस्त पडेल, इतरांना पंपापर्यंतचा हेलपाटाच महाग पडेल. विजेच्या स्कूटरला घरी रात्रभर अखंड वीज लागते, आणि जवळच्या फेऱ्यांना ती उत्तम असली तरी तिची बारीक चाके पाणंद रस्त्यासाठी नाहीत.

खरेदीपूर्वीची चाचणी शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर एकट्याने घेतल्यास फारसे काही कळत नाही. घरातील जी व्यक्ती मागे बसणार आहे तिला बसवून, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून, आणि उतारावर दोन्ही तळवे टेकतात का ते पाहून, शक्य असेल तर खडीच्या रस्त्यावर वळवून मगच पैसे भरावेत.