टपावरचं ओझं आणि कॅनमधलं पेट्रोल

बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग आम्ही सगळेच मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली. माझं गॅरेज घाटाखाली, जळगाव जामोदला. उत्तरेला नजर टाकली की सातपुडा. वर भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल ही आदिवासी गावं. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. अलीकडे पुण्या-अकोल्याची तरुण मंडळी फोर-बाय-फोर गाड्या घेऊन या बाजूला येतात. डोंगर चढण्याआधी हवा, पाटे, ब्रेक दाखवायला गॅरेजवर थांबतात. त्या गाड्यांवर लादलेलं सामान पाहिलं की मला काळजी वाटते.

आमच्या भागात ओझं नवीन नाही. आठवडी बाजार उठला की जीपगाड्या धान्याची पोती, खताच्या गोण्या, पत्रे, पाण्याची मोटर, पिठाच्या गिरणीसाठी डिझेल, असं सगळं घेऊन वर जातात. ते चालवणारे जुने ड्रायव्हर जड ते खाली आणि हलकं ते वर या एकाच हिशेबाने गाडी भरतात. पोती आधी, चासीच्या मधोमध, दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या आत. टपावर चारा, टोपल्या, रिकामे डबे. शहरातून येणाऱ्या गाडीत नेमकं उलटं दिसतं. आत गाद्या, कपडे, खाऊ. आणि वर लोखंड.

गेल्या पावसाळ्यात पुण्याची तीन मुलं थार घेऊन आली. टपावर मोठं कॅरियर, त्यावर उघडणारा तंबू, जादा स्टेपनी, उंच जॅक, हत्यारांची पेटी आणि पेट्रोलचे दोन भरलेले कॅन. मी म्हटलं, “भाऊ, हे सारं टपावर कायले चढवलं?” त्यातला एक म्हणाला, “काका, आत जागाच नाही. आणि वजन असं कितीसं असेल?” शेजारी अडतीवर धान्याचा वजनकाटा आहे. एकेक वस्तू उतरवून काट्यावर ठेवली. तंबू ५५ किलो. स्टेपनी ३०. जॅक १३. पेटी १८. भरलेला कॅन १९, म्हणजे दोन मिळून ३८. बेरीज झाली १५४ किलो, आणि कॅरियरचं स्वतःचं वजन वेगळं. मुलं गप्प झाली. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात टपावर किती भार चालतो ते छापलेलं असतं, पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातून सहसा बाहेर निघत नाही. छापलेला आकडाही साध्या रस्त्यासाठी असतो. दगडावरून चाक आदळलं की तोच भार क्षणभर कितीतरी पट होऊन कॅरियरच्या पायांवर येतो.

टपावरचा भार नेमकं काय करतो? पावणेदोन टनाच्या गाडीचं वजन जणू जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर एकवटलंय असं धरा. टपावर, दोन मीटरच्या थोडं खाली, सव्वाशे किलो ठेवलं की तो बिंदू साधारण ८ सेंटीमीटर वर सरकतो. आकडा छोटा वाटतो. पण डोंगराच्या कडेने गाडी तिरपी चालते, खालच्या बाजूचे पाटे दबतात, टप दरीकडे झुकतो, तेवढ्यात वरचं चाक एखाद्या दगडावर चढतं. अशा वेळी गाडी सावरणार की लोळणार हे त्या सेंटीमीटरांवर ठरतं.

मग काही जण म्हणतात, टपावर नको तर मागे लटकवू. मागच्या दाराला स्टेपनीशेजारी कॅनचं स्टँड लावतात. त्याचाही हिशेब करून पाहा. थारच्या दोन एक्सलमधलं अंतर २४५० मिलिमीटर आहे. मागच्या एक्सलपासून एक मीटर मागे ४० किलो टांगलं तर मागच्या चाकांवर ४० नव्हे, ५६ किलोच्या आसपास भार वाढतो. आणि पुढची चाकं १६ किलोंनी हलकी होतात. चढावर पुढची चाकं आधीच हलकी झालेली असतात. स्टेअरिंग ऐकेनासं होतं ते अशाने. दाराच्या बिजागऱ्या सैल होतात ते वेगळंच.

आता पेट्रोल. खरं सांगायचं तर आमच्या जिल्ह्यात गाडीसाठी जादा इंधन लागण्याची वेळ क्वचित येते. तालुक्याच्या गावी पंप आहेत. टाकी भरून निघालं तर डोंगरातला एक मुक्काम सहज निघतो. मात्र किलोमीटर मोजून इंधनाचा अंदाज बांधू नये. हमरस्त्यावर १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी लो गेअरमध्ये, चिखलात, सहा-सातवर येते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती ओली झाली की चाकाला थर चढत जातो, मडगार्ड भरतं, आणि इंजिन जागच्या जागी पेट्रोल पितं. तरीही एक कॅन पुष्कळ झाला.

तो कॅन धातूचा असावा. आज जगभर चालणारा २० लिटरचा चपटा कॅन जर्मन सैन्याने १९३७ च्या सुमारास घडवला, आणि दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांनी स्वतःचे गळके पत्र्याचे डबे टाकून तो उचलला. वर तीन दांड्या आहेत, त्यामुळे एकट्याला दोन रिकामे कॅन एका हातात नेता येतात आणि भरलेला कॅन दोघांना मिळून धरता येतो. वरच्या बाजूला हवेसाठी जागा ठेवलेली आहे, ती इंधन फुगण्यासाठी. घाटाखाली मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. सकाळी २५ अंशांत भरलेलं २० लिटर पेट्रोल दुपारी ४५ अंशांत जवळजवळ चारशे मिलिलिटरने वाढतं. काठोकाठ भरलेल्या कॅनमध्ये ते जाणार कुठे? झाकणाच्या रबरातून बाहेर येतं. म्हणून १८-१९ लिटरवर थांबावं, आणि तापलेल्या कॅनचं झाकण हळूहळू उघडावं.

भरताना कॅन जमिनीवर ठेवावा. गाडीच्या गालिच्यावर किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यावर ठेवून भरला तर वाहत्या पेट्रोलमुळे तयार होणारी स्थिर वीज जमिनीत उतरत नाही, आणि एक ठिणगी पुरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते, सीटखाली साचते. त्यामुळे माणसं बसतात तिथे कॅन नको, सायलेन्सरजवळ नको, बंपरच्या मागेही नको. पाण्याच्या बाटल्यांत, तेलाच्या जुन्या डबड्यांत तर कधीच नको.

कायदाही याच धोक्यासाठी आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, पण घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचं भांडं असेल तर ते २५ लिटरपेक्षा मोठं नको. वाहनमालकाला टाकीखेरीज १०० लिटरपर्यंत सवलत आहे. डिझेलला मोकळीक बरीच जास्त, कारण ते पेटायला चांगलंच तापावं लागतं. पण मोकळीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, समृद्धी महामार्गावर बस उलटली, डिझेलची टाकी फुटली, आग लागली आणि २५ माणसं गेली. डिझेल पेटत नाही असं कोणी गॅरेजवर येऊन म्हणालं की मी त्याला पिंपळखुटा सांगतो.

त्या मुलांचं सामान आम्ही पुन्हा भरलं. मागची सीट दुमडली आणि दोघांनाच वर जायचं ठरवायला लावलं. तिसरा राजीखुशीने गावात थांबला. हत्यारांची पेटी आणि जॅक पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, तळाशी. पाणीही तिथेच. स्टेपनी एकच ठेवली. तंबू उतरवून माझ्याकडे ठेवला आणि साधा कापडी तंबू दिला. पेट्रोलचा एक कॅन गाडीच्या टाकीत रिकामा केला, कारण टाकीत तेवढी जागा होती आणि गाडीतली इंधनाची सगळ्यात सुरक्षित, सगळ्यात खालची जागा तीच. दुसरा कॅन मी ठेवून घेतला. टाकी भरलेली, अंतर थोडं. वर त्याची गरजच नव्हती.

बांधायला त्यांच्याकडे नायलॉनचा दोर होता. तो ताण खातो, धक्क्याधक्क्याने सैल होतो. मी रॅचेटचे पट्टे दिले, चासीला जोडलेल्या कड्यांत अडकवून, प्रत्येक जड वस्तूला दोन, एकमेकांना छेदून. काच फुटेल एवढ्या जोराने ब्रेक लागला तर १८ किलोची पेटी मानेवर येऊ नये, एवढं पाहायचं. पहिल्या दहा किलोमीटरच्या खराब रस्त्यानंतर उतरून प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघायला सांगितलं. आणि अभयारण्याकडे वळायचं असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय नाही, ठरलेला रस्ता सोडून नाही.

चिखलासाठी त्यांनी चाकांची हवा कमी केली होती. ते बरोबर, पण भरलेली गाडी कमी हवेवर डांबरी रस्त्याला लागली की टायरच्या बाजू दुमडून दुमडून तापतात आणि फाटतात. म्हणून उतरताना डांबर लागलं की तिथेच थांबायचं, कॉम्प्रेसर काढायचा, चारही चाकांत पुस्तकात लिहिलेली हवा भरायची आणि मगच जळगावकडे निघायचं.