हबर्ड ब्रुकची खतावणी

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर संस्थानात, व्हाइट माउंटन पर्वतराजीच्या कुशीत, हबर्ड ब्रुक नावाचे जे अरण्य तेथील वनखात्याने 1955 साली पाण्याच्या अभ्यासासाठी राखून ठेवले, त्यातील क्रमांक दिलेल्या प्रत्येक छोट्या खोऱ्याच्या तोंडाशी असलेले प्रमुख यंत्र म्हणजे काँक्रीटचा एक बुटका बंधारा होय. त्याच्या माथ्यावर व्ही अक्षराच्या आकाराची धारदार खाच असते. खाचेवरील पाण्याची उंची मोजली, की ठरीव सूत्राने प्रवाह काढता येतो. आणि खाच तळाशी निमुळती असल्यामुळे उन्हाळ्यातील करंगळीएवढी धारही हिशेबातून सुटत नाही.

या बंधाऱ्यांचे खरे मोल हर्बर्ट बोरमन व जीन लायकेन्स या परिस्थितिशास्त्रज्ञांनी, पियर्स व जॉन्सन या सहकाऱ्यांसह, 1963 पासून ओळखून दाखविले. खोऱ्याखालचा खडक पाणी सहसा झिरपू देत नाही. तेव्हा पर्जन्यमापकात पडेल ती आवक आणि ओढ्यातून जाईल ती जावक, असा अख्ख्या अरण्याचा जमाखर्च मांडता येतो. दर आठवड्यास बंधाऱ्याच्या जरा वर बाटली भरावयाची व तिच्यातील क्षार मोजावयाचे, हे काम दिसावयास कारकुनी. पण असल्या चिवट कारकुनीवाचून अरण्याची नाडी हाती लागत नाही, असे मला वाटते.

1965 च्या हिवाळ्यात दुसऱ्या क्रमांकाच्या खोऱ्यातील सारी झाडे तोडून जागीच टाकली, आणि पुढचे तीन उन्हाळे तृणनाशक फवारून पालवी फुटू दिली नाही. निर्दय प्रयोग खराच! पाणी हवेत सोडणारी पाने उरली नाहीत, म्हणून ओढा पहिल्याच वर्षी सुमारे 40 टक्के अधिक वाहिला. परंतु त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की मातीतील जंतू नायट्रेट तयार करीतच राहिले, ते शोषून घेणारी मुळे मात्र नव्हती, आणि म्हणून ते कॅल्शियमसह इतके वाहून गेले, की ओढ्यातील नायट्रेटने पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडली. या प्रयोगात कुऱ्हाड न लावलेले सहावे खोरे तुलनेसाठी जवळच होते, म्हणूनच या अनर्थाचे मूळ तोड व फवारणी यांत होते, असे म्हणता येते.

याच दप्तरात पावसाचे आम्लत्व नोंदले गेले. 1990 च्या हवाशुद्धीच्या कायद्याने पाऊस आम्ल करणारे धुरातील गंधक घटले, तरी ओढे लवकर सुधारेनात. कारण आम्लाने मातीतील कॅल्शियमची शिल्लक आधीच धुऊन नेली होती. ती भरून काढण्यासाठी 1999 च्या ऑक्टोबरात पहिल्या खोऱ्यावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियम सिलिकेटच्या गोळ्या टाकल्या. शुगर मेपलची झाडे सुधारली. आणि पुढची काही वर्षे त्या खोऱ्याच्या बंधाऱ्यावर पाणी अपेक्षेहून कमी उतरले, कारण टवटवीत झालेली झाडे ते शोषून पानांवाटे हवेत सोडीत होती.