सीडीतलं लग्न मोबाईलमध्ये

आत्यानं पिशवीतून दोन सीडी काढून टेबलावर ठेवल्या. पाकिटं पिवळी पडलेली, वर निळ्या शाईत ‘विवाह, भाग १’ आणि ‘विवाह, भाग २’. लग्न १९९६च्या वैशाखातलं. शूटिंगवाल्यानं तेव्हा व्हीएचएस कॅसेट दिली होती, पुढं २००४च्या सुमारास तिच्या या दोन सीडी करून घेतल्या. काकांना जाऊन तीन वर्षं झाली. सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये ती आता एकटी असते.

“हे माझ्या मोबाईलमध्ये घालून देतोस का रे? नवीन टीव्हीला सीडी लावायची सोयच नाही. शेवटी ह्यांनी उखाणा घेतलाय त्यात. आवाज आहे ह्यांचा.”

हे काम मी आजवर बऱ्याच जणांना करून दिलं आहे. कुणाला प्रवासात बघायला सिनेमा हवा असतो, कुणाला गावी रेंज नसते म्हणून. ‘कॉपी करायचं, पेस्ट करायचं, झालं’ असं सगळ्यांनाच वाटतं. बहुतेक वेळा होतंही. पण जिथं अडतं तिथं माणूस लगेच हात टेकतो आणि ती सीडी पुन्हा कपाटात जाते. कपाटात गेलेली सीडी दर पावसाळ्यात थोडी थोडी मरत असते. म्हणून या कामात काय काय अडतं आणि का अडतं, ते नीट सांगायचं आहे.

पहिली अडचण अशी की आजच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. बाहेरून यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करावी, किंवा एखाद्या मित्राच्या माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवावा. सीडी घालण्याआधी मऊ सुती कापडानं पुसायची, तीही मधल्या भोकापासून काठाकडे, सरळ. गोल गोल पुसली आणि त्यात ओरखडा उठला, तर तो माहितीच्या वाटेनंच जातो आणि ड्राइव्हला तेवढा सलग तुकडा वाचता येत नाही. आडवा ओरखडा त्यामानानं परवडतो.

सीडी उघडल्यावर आत चार-पाच फोल्डर दिसतात. लग्न असतं ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॅट’ लिहिलेलं असतं. लोक इथंच थबकतात, कारण मोबाईलच्या गॅलरीला डॅट म्हणजे काय ते ठाऊक नसतं. फाइल फोनमध्ये जाते, पण दिसत नाही. आत खरं तर साधा एमपीईजी-१ पद्धतीचा व्हिडिओ असतो. आपल्याकडच्या अशा व्हिडिओ सीडीत, म्हणजे व्हीसीडीत, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं, आणि मिनिटाला साधारण १० एमबी जागा. एका सीडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून त्या काळी सिनेमाच्याही दोन-दोन, तीन-तीन सीडी असायच्या.

फाइलच्या नावाचं शेपूट म्हणजे डबा, आणि आत चित्र-आवाज ज्या पद्धतीनं दाबून बसवलेले असतात ती भाजी. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे डबे. एच.२६४, एच.२६५, एमपीईजी-१ या भाज्या. डबा ओळखीचा असला तरी आतलं फोनला पचेलच असं नाही. सिनेमा लागतो, चित्र दिसतं, आवाज मात्र नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. अशा वेळी फोन बिघडलेला नसतो. त्या फाइलमधला आवाज डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीचा असतो आणि फोनच्या स्वतःच्या प्लेअरला तो उलगडता येत नाही. फाइलचं नाव बदलून ‘एमपी४’ केलं तरी उपयोग नाही. झाकण बदलल्यानं भाजी बदलत नाही.

यावर दोन रस्ते. सोपा रस्ता म्हणजे फोनमध्ये व्हीएलसी हे मोफत ॲप टाकायचं. ते डॅटसकट जवळजवळ काहीही लावतं. एकदाच बघून सोडून द्यायचा सिनेमा असेल तर एवढं पुरे. पण आत्याला ते लग्न गॅलरीत हवं होतं, शिवाय मुलीला आणि भाच्यांना पाठवायचं होतं. मग दुसरा रस्ता घ्यावा लागतो. कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यात फाइल टाकायची, डबा एमपी४ निवडायचा, आतली पद्धत एच.२६४. गेल्या दहा वर्षांतला कुठलाही फोन हे चालवतो. एच.२६५ जागा कमी खातं, पण जुन्या फोनवर अडखळतं. घरातल्या मोठ्या माणसांसाठी मी ते वापरत नाही.

इथं एक मोह होतो, आणि तो टाळावा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. चित्र लहान आहे म्हणून लोक ते फुगवून ‘फुल एचडी’ करतात, किंवा आजच्या लांबट स्क्रीनवर भरावं म्हणून आडवं ताणतात. व्हीएचएसवर जे टिपलंच गेलं नाही, ते फुगवून कुठून येणार? आणि ताणल्यावर नवरीचा चेहरा पसरट होतो. जुनं चित्र चारास तीन या मापाचं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात. सीडीऐवजी डीव्हीडी असेल तर एक बटण मात्र जरूर दाबावं, ‘डीइंटरलेस’. नाहीतर हात हलला की त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, कारण तिथं प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन हप्त्यांत टिपलेलं असतं.

शिवाय मूळ फाइल फेकू नये. प्रत्येक वेळी नव्यानं दाबताना थोडं काही निसटतं. मूळ जपून ठेवावं आणि पुढची प्रत नेहमी त्या मुळापासूनच काढावी.

आत्याच्या पहिल्या सीडीची साडेसातशे एमबीची फाइल चारशेच्या आसपास आली. आता ती फोनमध्ये घालायची होती. मी केबल लावली, फोन चार्ज होऊ लागला, आणि कॉम्प्युटरवर फोनचा पत्ताच नाही. यात गूढ काही नसतं. नेहमीच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या पुष्कळ केबलींमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. फोनबरोबर आलेली केबल शोधावी, बहुधा तिथंच प्रश्न मिटतो. मग फोनचं लॉक उघडायचं, वरची पट्टी खाली ओढायची आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. अँड्रॉइड फोन स्वतःहून फक्त चार्जिंगच सुरू करतो. हे आपल्या भल्यासाठीच आहे. एसटी स्टँडवर किंवा हॉटेलात कुणाच्या पोर्टला फोन लावला, तर त्यानं आत शिरू नये.

वेगाचंही सांगून टाकतो. साध्या केबलीतून सेकंदाला तीसेक एमबी गेले तरी दीड जीबीचा सिनेमा मिनिटाच्या आत जातो. ३२ जीबीपर्यंतच्या मेमरी कार्डात मात्र एकच फाइल चार जीबीपेक्षा मोठी असली, तर ती आत जात नाही, कार्ड निम्मं रिकामं असलं तरी. त्या कार्डावरची फॅट३२ ही मांडणीच तेवढी मोठी फाइल नोंदवू शकत नाही. आयफोनचा मामला निराळा आहे. त्यात व्हीएलसी टाकून, कॉम्प्युटरवरून त्या ॲपच्या खणात फाइल ओढून सोडावी लागते. केबल नकोच असेल तर अँड्रॉइड आणि विंडोजमध्ये क्विक शेअर चालतं.

व्हॉट्सॲपनं मात्र लग्न पाठवू नका. निदान ‘व्हिडिओ’ म्हणून तरी नको. तिथं ते पुन्हा दाबलं जातं आणि आधीच धूसर असलेले चेहरे आणखी पुसट होतात. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं. २०२२पासून दोन जीबीपर्यंतची फाइल तशीच्या तशी जाते.

सिनेमाच्या बाबतीत हक्काचाही प्रश्न येतो. ओटीटीच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेला सिनेमा कुलूपबंद असतो आणि त्या ॲपबाहेर निघत नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्यामुळं प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ कुणीही निर्धास्तपणे आपल्या आजीच्या फोनमध्ये घालावा. दामले-फत्तेलाल यांनी तो इथं पुण्यात केला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

प्रभातचं नाव निघालं आहे तर या कामाची या गावाशी असलेली गाठ सांगितलीच पाहिजे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ साली पुण्यात आली. १९५३ साली ती बंद पडली. त्या आवारात आज एफटीआयआय ही चित्रपट शिक्षणसंस्था आहे, आणि जवळच लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. त्या संग्रहालयात दशकानुदशकं जे चाललं आहे, ते आपल्या टेबलावरच्या कामाचंच मोठं रूप आहे, असं मला मनापासून वाटतं. ३५ मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात फक्त ११ मिनिटं मावतात, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाची दहा-अकरा रिळं. १९५०च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असे, आणि नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं. नंतरची फिल्म तशी सहज पेटत नाही, पण दमटपणात कुजते आणि डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी आपलं आयुष्य ही रिळं शोधण्यात घातलं. ‘कालिया मर्दन’ या मूकपटाची रिळं त्यांनी नाशिकला दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळवली.

आणि २००३च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठारालाच आग लागली. मूळ रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, तेच चित्रपट राहिले. कुणीतरी वेळेवर हातानं उतरवून घेतले होते, म्हणून आज आपल्याला विष्णुपंत पाग्निसांनी साकारलेला तुकाराम दिसतो.

घरच्या कॅसेटीला आग लागायची गरजच नाही. पुण्याचा पावसाळा पुरतो. व्हीएचएसच्या टेपेवर पांढरी बुरशी धरते, आणि तशी टेप व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते, मग पुढच्या चांगल्या कॅसेटीचंही नुकसान होतं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानी कंपनी फुनाई. तिनंही २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आता जी यंत्रं चालू आहेत, तीच आहेत. ज्यांच्याकडे कॅसेटी आहेत त्यांनी यंदाच्या पावसाळ्याच्या आधी हलावं.

आत्याची पहिली सीडी सुरळीत उतरली. तिनं फोन दोन्ही हातांत धरला. सीमांतपूजन, मग मंगलाष्टकं, अंतरपाट धरलेले तिचे दोन मामा, दोघेही आता नाहीत. एका जागी तिनं व्हिडिओ थांबवला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. चेहरे फुटून चौकोन चौकोन झाले. तिनं ते पुन्हा लहान केलं. “असंच चांगलं दिसतंय,” म्हणाली.

दुसरी सीडी पंगतीपर्यंत आली. वराकडचे लोक बसले होते, कुणीतरी जिलबीचं ताट घेऊन येत होतं, आणि तिथं चित्र गोठलं. मी ती पुन्हा पुसली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, कमी वेगानं वाचून पाहिली. खराब भाग सोडून बाकीचं उचलणारं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवलं. शेवटची नऊ मिनिटं निघाली नाहीत. सीडी खिडकीशी धरली तर काठाजवळ वरचा चंदेरी थरच उडालेला, पलीकडचा उजेड दिसत होता. व्हीसीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळं शेवट काठाशी असतो. उखाणा त्या नऊ मिनिटांत होता.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मूळ कॅसेट सांगलीला असेल. सासूबाईंनी मागून घेतली होती.”

सांगलीला तिच्या दिरांना मी फोन केला. त्यांना सांगितलं, कॅसेट सापडली तरी कशातही लावू नका, रिवाइंडसुद्धा करू नका. फक्त कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरं काही दिसतं का ते बघा, आणि कुरिअरनं पाठवू नका, मीच येतो.

रात्री त्यांचा फोन आला. त्यांच्या आईच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत मिळाली. “पांढरं काही नाही रे. टेप उजवीकडच्या चाकावर जास्त आहे, डावीकडे थोडीशीच उरलीय.”

म्हणजे कुणीतरी ती जवळजवळ शेवटपर्यंत पाहून थांबवली होती. रविवारी सकाळची गाडी आहे. आत्याही येते म्हणाली.