विल्यम हॉल : लखनौचा गोलंदाज आणि त्याचे निनावी थडगे

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॉर्टन या गावी, १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम हॉलचा जन्म झाला. त्याचे आईवडील, जेकब आणि लूसी, अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटून आलेले होते. १८१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले. १८१४ मध्ये ब्रिटिश आरमाराने अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक जाहीरनामा काढला. मालकाला सोडून जो ब्रिटिश जहाजावर येईल, त्याला ब्रिटिश वसाहतीत स्वतंत्र माणूस म्हणून वसवू, असे त्यात आश्वासन होते. शत्रूचे मजूर फोडावेत हा त्यामागचा हिशेब; पण त्यामुळे हजारो माणसांच्या पायांतल्या बेड्या तुटल्या. सुमारे २,००० कृष्णवर्णीय निर्वासित नोव्हा स्कोशियात उतरले. ज्या आरमाराने आईवडिलांना सोडवले, त्याच आरमारात हॉलने पुढे २४ वर्षे चाकरी केली.

त्याच्या लहानपणी किनाऱ्यालगतच्या गावांत जहाजबांधणी जोरात होती. गोदीत काम करून तो व्यापारी जहाजांवर गेला. काही काळ अमेरिकी आरमारातही होता. १८५२ मध्ये लिव्हरपूलला तो ब्रिटिश आरमारात भरती झाला. क्रिमियाच्या युद्धात जहाजांवरच्या तोफा उतरवून खलाशांनाच जमिनीवर लढायला पाठवण्यात आले. इंकरमन आणि सेव्हास्तोपोल येथे हॉल अशा तुकडीत होता. जहाजाची अवजड तोफ जमिनीवर ओढायची, रोवायची आणि चालवायची, ही विद्या तो तेथे शिकला.

१८५७ मध्ये तो ‘शॅनन’ या जहाजावर होता. पुढल्या डोलकाठीवर काम करणाऱ्या खलाशांचा तो म्होरक्या होता. जहाज चीनच्या मोहिमेवर निघाले होते. पण उत्तर हिंदुस्थानात उठाव झाल्याची बातमी पोहोचली आणि ते कलकत्त्याकडे वळवण्यात आले. कॅप्टन विल्यम पील याने आपल्या खलाशांना आणि तोफांना नदीमार्गे अलाहाबादला नेले. तेथून पुढचा प्रवास खुष्कीचा होता. लखनौच्या रेसिडेन्सीत इंग्रज वेढले गेले होते, त्यांच्या सुटकेसाठी ब्रिटिश सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेबरोबर ही तुकडी निघाली.

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी आधी सिकंदरबाग पडली. ब्रिटिश वृत्तांतांनुसार तेथे सुमारे २,००० हिंदी सैनिक मारले गेले. मग फौज शाहनजफसमोर आली. अवधचा पहिला बादशहा गाझीउद्दीन हैदर याचा हा मकबरा. त्याच्या उंच भिंतींत जंग्या पाडून उठावातील सैनिक आतून बंदुकांचा मारा करत होते. भिंत फोडायची तर तोफ अगदी जवळ नेण्याला पर्याय नव्हता. एका तोफेवर माणूस कमी पडत होता. हॉल स्वतःहून पुढे झाला.

ही चोवीसपौंडी तोफ होती, म्हणजे तिचा गोळा सुमारे ११ किलोंचा. दर बाराला ती मागे उसळे. मग नळीत ओला बोळा फिरवून आतली ठिणगी विझवायची, दारूची थैली ठासायची, गोळा सारायचा, पुन्हा ठासायचे आणि मागे आलेला सगळा गाडा हातांनी पुढे लोटायचा. एरवी पुष्कळ माणसांचे हे काम. तोफेवरची माणसे एकेक करून पडत गेली आणि अखेर लेफ्टनंट टॉमस यंग व हॉल हे दोघेच उरले. यंगही जखमी होता, तरी त्या दोघांनी मारा थांबवला नाही. त्यांच्या गोळ्यांनी भिंतीला खिंडार पडले, असे अनेक वृत्तांतांत म्हटले आहे. त्याच दिवशीच्या कामगिरीसाठी सार्जंट जॉन पेटन यालाही पुढे व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले, ते एकट्याने इमारतीला वळसा घालून पलीकडच्या बाजूची फट शोधल्याबद्दल. तेव्हा शाहनजफ एकट्या त्या तोफेमुळे पडला, असे म्हणणे योग्य नाही. हॉलचे धैर्य मात्र त्यामुळे उणे ठरत नाही.

गुलामीतून सुटलेल्या दांपत्याचा मुलगा परक्या सत्तेविरुद्ध उठलेल्या माणसांवर तोफ चालवत होता, ही गोष्ट भारतीय वाचकाला सलल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मारल्या गेलेल्या अनेक हिंदी सैनिकांच्या नशिबी तर थडगेही आले नाही. फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये सिकंदरबागेचे छायाचित्र घेतले, त्यात आवारात विखुरलेली माणसांची हाडे दिसतात. लखनौनंतर ६ डिसेंबर १८५७ रोजी कानपूरला तात्या टोपे यांच्या फौजेविरुद्धही पीलच्या तोफा धडधडल्या. पील १८५८ मध्ये कानपूरला देवीच्या रोगाने वारला. कलकत्त्यात त्याचा संगमरवरी पुतळा उभा राहिला.

पीलच्या शिफारशीवरून यंग आणि हॉल या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. २८ ऑक्टोबर १८५९ रोजी आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात ‘डोनेगॉल’ जहाजावर हॉलच्या छातीवर तो लावण्यात आला. हा सन्मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय आणि नोव्हा स्कोशियाचा पहिला माणूस. पदकाबरोबर सैनिक व खलाशांना वर्षाला १० पौंड मिळत.

१८७६ मध्ये तो निवृत्त झाला आणि गावाकडे परतून बहिणींबरोबर शेती करू लागला. पुढची पंचवीस वर्षे बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. १९०१ मध्ये भावी राजा पाचवा जॉर्ज नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्सला आला, तेव्हा हॉलला समारंभाला बोलावले होते. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोटावरची पदके पाहून राजपुत्राने त्याची विचारपूस केली. ऑगस्ट १९०४ मध्ये हॉल वारला. जवळच्या लॉकहार्टव्हिल येथे त्याला पुरण्यात आले. लष्करी मानवंदना नाही, बंदुकांची सलामी नाही. थडग्यावर नावाचा दगडसुद्धा बसला नाही.

अशी उपेक्षा वाट्याला आलेला हॉल एकटा नव्हता. निवृत्त सैनिक मेला, तर त्याच्या मातीची जबाबदारी घरच्यांची किंवा चर्चची, असाच त्या काळचा रिवाज होता. रणांगणावरच्या मृतांची थडगी जपणारे ब्रिटिश साम्राज्याचे युद्धथडगी मंडळ १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात स्थापन झाले. म्हातारपणी घरी मेलेल्यांशी त्याचा संबंध नव्हता. कॅनडात या प्रश्नाला वाचा फुटली ती १९०८च्या हिवाळ्यात. मॉन्ट्रिऑलच्या रुग्णालयात जेम्स डॅली नावाचा निराधार माणूस मरणासन्न अवस्थेत आणला गेला. त्याच्याजवळच्या निळ्या लिफाफ्यातील कागदावरून तो ब्रिटिश फौजेतला जुना सैनिक निघाला. प्रेत घ्यायला कोणीच नव्हते, म्हणून ते वैद्यकीय शिक्षणासाठी जायचे होते. तेथील कर्मचारी आर्थर हेअर हा स्वतः माजी सैनिक. त्याने वर्गणी गोळा करून डॅलीचा दफनविधी केला आणि १९०९ मध्ये त्यातूनच ‘लास्ट पोस्ट फंड’ उभा राहिला. गरीब माजी सैनिकांच्या अंत्यविधीचा आणि थडग्यावरील दगडाचा खर्च ही संस्था आजही उचलते. हॉलच्या मृत्यूला तेव्हा पाच वर्षे होत आली होती.

हॉलसाठी खटपट केली ती माजी सैनिकांच्याच संघटनेने. कॅनेडियन लीजनने १९३७ मध्ये हॉलच्या सन्मानाची मागणी लावून धरली. १९४५ मध्ये त्याचे अवशेष उकरून हँट्सपोर्टच्या बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात पुन्हा पुरण्यात आले, आणि १९४७ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. दगडांच्या चौथऱ्यावरील फलकावर व्हिक्टोरिया क्रॉसची मोठी प्रतिकृती आहे. मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी या माणसाला नाव असलेले थडगे मिळाले, आणि तेही सरकारने मनावर घेतल्यामुळे नव्हे, तर जुन्या सैनिकांनी पाठपुरावा केल्यामुळे.

मूळ पदक १९६७ मध्ये ब्रिटनहून कॅनडात परत आले. ते आता नोव्हा स्कोशियाच्या संग्रहालयाकडे आहे. २०१० मध्ये कॅनडाच्या टपाल खात्याने हॉलवर तिकीट काढले. २०२४ मध्ये कॅनडाच्या आरमारात दाखल झालेल्या, ध्रुवीय समुद्रात गस्त घालण्यासाठी बांधलेल्या एका जहाजाला ‘विल्यम हॉल’ हे नाव देण्यात आले आहे.